ड इमारतीकडची भिंत

१

भिंतीतली ओल मी तळहाताने बघते. यंत्र पिशवीत असतं, पण आधी हात. कुपवाडच्या त्या वसाहतीवर साइट इंजिनियर म्हणून रुजू झाले तेव्हापासून सकाळी दहाची माझी फेरी ठरलेली होती. तळमजल्यापासून वर, प्रत्येक घरात जायचं, न्हाणीची भिंत, स्वयंपाकघराची भिंत, छताचा कोपरा. हात टेकवायचा, दहापर्यंत आकडे म्हणायचे, पुढे जायचं. माणसं हसायची. "शिवांजली मॅडम भिंतीचा ताप बघत्यात," म्हणायची.

वसाहत एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या कामगारांची. पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या चार इमारती, अ, ब, क आणि ड. प्रत्येकीला तळमजला आणि वर दोन मजले. गिरणी गेली, कामगार म्हातारे झाले आणि पुढे वीस वर्षं त्या इमारतींकडे कुणी बघितलं नाही. सज्जे गळून पडले होते. संडास सगळ्यांना मिळून अंगणाच्या टोकाला. पावसाळ्यात जिन्यावरून ओढा वाहायचा. शेवटी रहिवाशांनीच संस्था केली, सात वर्षं हेलपाटे घातले आणि योजना मंजूर करून आणली. अ, ब, क दुरुस्त करायच्या, घराघरात संडास-न्हाणी द्यायची. ड दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती. ती पाडून तिथे सात मजली नवी इमारत उभी करायची.

क आणि ड एकमेकींना खेटून उभ्या होत्या. मधली भिंत दोघींत एकच, चौदा इंची, विटेची. जानेवारीत ड पाडली तेव्हा ती भिंत तेवढी ठेवली, कारण क चे तिन्ही मजले तिच्यावर टेकलेले होते. बाहेरून तिला लोखंडी टेकू लावले, गिलावा केला. मार्चमध्ये क मधली अठरा कुटुंबं पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांतून आपापल्या घरी परत आली. नव्या फरशीवर पाय ठेवताना बायका चपला हातात घेत होत्या, ते मला अजून आठवतं.

सर्वांत वरच्या मजल्यावर, त्या भिंतीला लागून, अठरा नंबरमध्ये रंगूबाई राहायच्या. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, गिरणीत कांड्या भरण्याच्या खात्यात तीस वर्षं काढलेली बाई. एकट्याच. तळमजला देतो म्हटलं तरी ऐकलं नव्हतं.

मार्च संपता संपता एका सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात ड च्या बाजूच्या भिंतीला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

भिंत गरम होती. चुलीमागची भिंत असते तशी.

२

ऊन म्हणावं तर ती उत्तरेची भिंत. वायर म्हणावी तर त्या भिंतीत वायर नव्हती. नकाशा मीच काढला होता. तरी मी सगळ्या इमारतीची मेन बंद केली आणि तासभर थांबले. भिंत तशीच गरम. रंगूबाईंचा गॅस समोरच्या ओट्यावर होता आणि त्या दिवशी पेटवलेलाही नव्हता, त्यांचा उपास होता.

मी परांचीवर चढून बाहेरच्या बाजूने बरोबर त्याच जागी हात लावला. गार.

आमचे मिस्त्री नानासो पन्नाशीचे, हयात बांधकामात गेलेली. त्यांनी आतून हात लावला आणि पँटला पुसला.

"नाना, असं कशानं होतं?"

"मॅडम, ईट उनाचा ताप धरून ठेवती."

"उत्तरेच्या भिंतीला ऊन कुठलं?"

"मग मला काय म्हाईत न्हाई," ते म्हणाले आणि खाली गेले. एरवी नानासो कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं देणारा माणूस.

बाराच्या सुमाराला भिंत निवली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा तापली. तिसऱ्या दिवशी मी साडेदहाच्या आधीच जाऊन बसले, वही मांडीवर घेऊन. रंगूबाई लसूण सोलत होत्या. बाहेर रस्त्यावर टेम्पो थांबून गेला. त्यानंतर जरा शांत झालं आणि मला ऐकू आलं.

थप. थप. थप. जरा थांबून, थप थप. मग बारीक चर्र असा आवाज. पुन्हा थप.

माझा जन्म वडूजचा. भाकरी थापायचा आवाज ओळखायला मला कुणाची मदत नको. आवाज भिंतीतून येत होता. भिंतीपलीकडे तीस फूट उंचीवर नुसती हवा होती.

मी रंगूबाईंकडे बघितलं. त्या लसूणच सोलत होत्या.

"आजी, ऐकू येतंय का?"

"व्हय की. मनुबाईची भाकरीची येळ." त्यांनी पाकळी ताटलीत टाकली. "तीस वरसं ऐकतीया. त्येच्यावर माझं घड्याळ चालतंय. मधी पत्र्याच्या खोलीत ऱ्हायलो तवा लय वंगाळ वाटायचं बघ. परत आलो, पुन्ना सुरू झालं. बरं वाटलं."

"पण आजी, ड मधलं मनुबाईंचं घर तर पाडलंय."

"ते मला दिसतंय की गं पोरी," रंगूबाई शांतपणे म्हणाल्या. "गुडघं गेल्यात, डोळं न्हाई."

३

प्रत्येक स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकायचा पंखा द्यायचा होता. त्यासाठी भिंतीला गोल भोक पाडावं लागतं, तळहाताएवढं. अठरा नंबरचं भोक त्याच भिंतीत होतं. मी नकाशा बदलू शकले असते. बदलला नाही, कारण मला पलीकडे बघायचं होतं.

नानासोंनी मशीन लावलं. खाली कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून दोरी बांधून जागा मोकळी ठेवली होती. शेवटचा तुकडा बाहेर ढकलला गेला तेव्हा मी कान देऊन होते. वीट तीस फुटांवरून खाली पडली की आवाज येतो. आला नाही.

भोकातून सकाळचा उजेड आत आला. मी डोळा लावला. आकाश, लांबवर कारखान्यांची पत्र्याची छपरं, एक घार. सगळं जसं असायला हवं तसं. मला हसू आलं, इतकं हलकं वाटलं.

मग आम्ही खाली जाऊन तुकडा शोधला. जमीन सारवल्यासारखी साफ होती. विटेचा चुरासुद्धा नव्हता.

"कुत्र्यानं नेला असेल," मी म्हटलं.

"ईट कुत्रं खातंय व्हय, मॅडम?" नानासो म्हणाले. चेष्टा करायचा त्यांचा प्रयत्न होता, पण चेहरा साथ देत नव्हता. थोड्या वेळाने आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आवं, आत कुनाच्या घरात पडला तर नसंल न्हवं?"

पंखे यायला उशीर होता. भोकाला मी पत्र्याचं झाकण बसवून घेतलं.

४

मनुबाई जिवंत होत्या. हे आधीच सांगायला हवं होतं, कारण वसाहतीतल्या काही जणांनी ऐकीव गोष्टीवरून भलतीच समजूत करून घेतली होती. ड मधली कुटुंबं नवी इमारत होईपर्यंत भाड्याच्या घरांत गेली होती. मनुबाई आणि त्यांचे मालक नाथाजी कुपवाड गावातच, मुलगा-सुनेजवळ. मी स्कूटर काढली आणि गेले. काय विचारणार होते, मलाच ठाऊक नव्हतं.

मनुबाई दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. जाडसर, हसऱ्या. साइटच्या मॅडम म्हटल्यावर त्यांनी चहा टाकायला लावला. नवी इमारत किती आली, खिडकी कुठल्या अंगाला, असं सगळं विचारून घेतलं.

"सकाळी भाकरी तुम्हीच करता का अजून?" मी विचारलं.

"न्हाई गं बाई. खांदा धरलाय. सून चपात्या करती. माझ्या हातानं भाकरी थापून सहा म्हैनं झालं." त्या थांबल्या. "का वो?"

मी सांगायला नको होतं. पण त्यांच्या नजरेत इतका साधेपणा होता की सांगितलं गेलं. वेळ, आवाज, रंगूबाईंचं घड्याळ.

मनुबाईंचं हसू हळूहळू गेलं. आत सून भांडी लावत होती. तिकडे बघून त्यांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"रंगूला बरं वाटतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आसू दे." आणि मी निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता. "पर मॅडम, मी तर हितं हाय. मग तितं थापतंय कोन?"

५

मे महिन्यात नव्या इमारतीच्या पायाचं खोदकाम सुरू झालं. क च्या भिंतीपासून पुरेसं अंतर सोडून बारा फूट खोल खड्डा घ्यायचा होता. भिंतीला आठ तिरपे टेकू होते. तिसऱ्या दिवशी पोकलेन त्या कोपऱ्यात वळेना. आमचे कंत्राटदार वीरधवलदादा घाईत होते. पावसाळ्याआधी पाया भरायचा होता, आणि ती घाई वाईट हेतूची नव्हती.

"दोन टेकू चार दिवस काढू," ते म्हणाले. "सहा आहेतच. तू बघ आणि सही कर."

मी गणित केलं. कागदावर चालत होतं. तरी मनात खुट्ट झालं. दादांना नाही म्हणायची तेव्हा माझ्यात धमक नव्हती, हे खरं. मी सही केली.

त्याच दुपारपासून भाकरीचा आवाज बंद झाला.

भिंत मात्र तापलेलीच राहिली. आता सकाळ-दुपार असं नव्हतं, सारखी. फक्त अठरा नंबरमध्येही नाही. त्याच भिंतीला लागून पहिल्या मजल्यावर बारा नंबर, तळमजल्यावर सहा नंबर. तिथेही हात ठेववेना. बारा नंबरमधली स्वप्नाली तान्ह्या बाळाला घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, पलीकडं कोनतरी सामान सरकवतंय."

मी तिच्या घरी जाऊन भिंतीला कान लावला. जड काहीतरी फरशीवरून ओढल्याचा आवाज. कपाट, नाहीतर लोखंडी पलंग. ओढत ओढत भिंतीपर्यंत यायचं आणि थांबायचं. मग दुसरं. पावलंही होती, अनवाणी, पुष्कळ. बोलणं मात्र एका शब्दाचं नाही. इतकी माणसं आणि कुणी कुणाशी बोलत नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

जुन्या इमारती आवाज करतात. खोदकामाने माती बसते, तुळया कुरकुरतात. असं मी स्वप्नालीला समजावलं, स्वतःलाही. मग भिंतीतल्या बारीक तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. ती जुनी, भरवशाची युक्ती आहे. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पट्ट्या बघितल्या. एकही तडकली नाही. क ची भिंत तसूभर हलली नव्हती.

वीरधवलदादांना सांगितलं तर ते म्हणाले, "काच शाबूत आहे ना? मग भिंत शाबूत. बाकी बायकांच्या मनाचे खेळ."

"दादा, उद्या टेकू परत लावू या."

"परवा लावू. उद्या तो कोपरा संपतो."

६

तो 'उद्या' गुरुवार होता. पावणेअकराला मी खड्ड्याच्या काठावर उभी होते. पोकलेनच्या बादलीला काहीतरी लागलं आणि घण घातल्यासारखा आवाज आला. गिरणीच्या काळातला जाड नळ. कुठल्याच नकाशात नव्हता. आणि तो भरलेला होता, हे आम्हाला पाणी उसळल्यावर कळलं.

पाणी सरळ क च्या भिंतीखाली घुसलं. कडेची माती आधी फुगली, मग एकदम बसली. सहा टेकूंपैकी चार मातीबरोबर खड्ड्यात गेले. चालकाने उडी टाकली. मी बघत होते आणि मला जे दिसत होतं ते डोक्यात शिरत नव्हतं. भिंतीचा पाया उघडा पडला होता, आणि पायाच्या खाली काही नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती काळी फट, वाकून बघितलं तर पायाची खालची बाजू दिसत होती. वर तीन मजल्यांची भिंत, भिंतीवर टेकलेले मजले, मजल्यांवर माणसं.

आता पडणार. मी मनात एक, दोन, तीन म्हटलं. दहापर्यंत गेले. पडली नाही.

"नाना!" मी ओरडले. "सगळ्यांना खाली काढा!"

त्या वेळी इमारतीत बहुतेक म्हातारी माणसं, बायका आणि पोरं होती. कामावरची मंडळी कारखान्यांत गेलेली. जिना एकच. नानासो आणि आमचे सहा मजूर धावत वर गेले. कुणी अंघोळ अर्धी टाकून आलं, कुणी हातात पोळपाट घेऊन. स्वप्नालीने बाळ नानासोंच्या हातात दिलं आणि सासऱ्यांना धरून उतरवलं. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना गादीसकट आणलं. मी खाली उभी राहून माणसं मोजत होते आणि नजर त्या फटीवरून हलत नव्हती. पाणी वाहत होतं, फट रुंद होत होती. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. भिंत उभी होती.

त्रेचाळीस यायला हवे होते. बेचाळीस झाले.

"रंगूबाई?" मी विचारलं.

नानासो धापा टाकत होते. "येत न्हाई म्हनत्या. दोनदा गेलो. म्हनत्या, आधी समदी जाऊंद्या."

मी जिन्याकडे धावले. मागून वीरधवलदादांनी हाक मारली, ती ऐकली आणि तशीच टाकली.

७

अठरा नंबरचं दार सताड उघडं होतं. आत भट्टीसारखी धग. रंगूबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या होत्या, हात जोडून.

"आजी, उठा."

"समदी गेली का खाली?"

"सगळी गेली. तुम्हीच राहिलात."

"नीट मोजलीस? स्वप्नालीचं लेकरू? धाकलं हाय ते?"

"नानासोंनी नेलं. चला आता."

"आपन हितं हाय तवर धरत्यात ती," त्या म्हणाल्या. "रिकामं झालं की सोडतील. म्हनून बसलो मी. कुनी मागं ऱ्हायलं आसतं म्हंजी?"

माझ्या अंगावर काटा आला. त्याच वेळी भिंत हादरली आणि भोकावरचं पत्र्याचं झाकण सुटून फरशीवर पडलं. भोकातून गरम वारा आला. आला, थांबला, पुन्हा आला. वाऱ्याला लय होती. त्याला घामाचा वास होता.

बघू नये, असं मला स्पष्ट वाटलं. मी बघितलं.

आकाश नव्हतं. भोकाला अगदी लागून एक पाठ होती. माणसाची पाठ, ओल्या कापडाला चिकटलेली, भिंतीला रेटून लावलेली. कापडाखाली मणके उठून दिसत होते आणि सगळी पाठ थरथरत होती, ओझ्याखाली हमालाची थरथरते तशी. तिच्या खांद्याशेजारी दुसरा खांदा होता. त्याच्यापलीकडे अंधारात आणखी. मी एका श्वासाएवढं बघितलं असेल. पुरुष की बाई, म्हातारं की तरणं, मला सांगता येणार नाही. चेहरा एकाचाही दिसला नाही. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि त्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. वळून बघितलं असतं तर मी तिथून उठले नसते.

मी भोकाजवळ तोंड नेलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"ही शेवटची आहे. आजींना घेऊन उतरते. तेवढं धरा."

थरथर क्षणभर थांबली. पाठ आणखी घट्ट झाली.

मी रंगूबाईंना पाठंगुळी घेतलं. आमचं घर मेंढपाळाचं. लहानपणी जायबंदी मेंढरं खांद्यावरून आणलेली आहेत, पण इतकं हलकं ओझं कधी उचललं नव्हतं. छत्तीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला मला वाटायचं, आता. रंगूबाई माझ्या मानेशी पुटपुटत होत्या, "आलो गं, आलो, उतरलो, ही बघ, शेवटची पायरी." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

अंगणापलीकडे माणसं उभी होती तिथवर मी पोचले. नानासोंनी रंगूबाईंना उतरवून घेतलं. मग मागे एक आवाज झाला. विटांचा आवाज नंतर आला. आधी आला तो लांब, खोल, पुष्कळ छात्यांतून एकदम सुटलेला निःश्वास. जड ओझं खाली ठेवताना माणसं सोडतात तसा.

आणि भिंत गेली. खालून वर, एकेक मजला. मागोमाग तिला लागून असलेली तिन्ही घरं. धूळ बसायला दहा मिनिटं लागली. एका माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

८

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी चार दिवस मोजमापं घेतली. पाया उघडा पडल्यावर ती भिंत मिनिटभरही उभी राहायला नको होती. ती बत्तीस मिनिटं राहिली. "बाजूने आधार असता तर समजलं असतं," ते मला म्हणाले. "शेजारची इमारत असती तर. कशावर उभी होती, सांगा ना?" मी सांगितलं नाही. अहवालात त्या रकान्यात त्यांनी 'निश्चित कारण आढळले नाही' असं लिहिलं.

संस्थेने सभा घेतली आणि मला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. नाव पुकारल्यावर मी उभी राहिले आणि टेकूंचं सांगून टाकलं. सही माझी होती. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. मग वीरधवलदादा उठले. "सही हिची, पण घाई माझी होती. हिने परत लावा म्हटलं होतं, मी परवावर ढकललं." चौकशी झाली, दोघांनाही ताकीद मिळाली, दादांना काही महिने काम मिळालं नाही. ते योग्यच झालं.

लोक चिडतील असं मला वाटलं होतं. काही चिडलेही. पण रंगूबाई खुर्चीचा हात धरून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि शाल त्यांनीच माझ्या अंगावर घातली.

"चुकलीस ते चुकलीस," त्या म्हणाल्या. "पर वर आलीस."

मग त्या सभेकडे वळल्या. "आता नारळ हाय तो तिकडं फोडा. जिथं ड हुती तितं. उपकार कुनाचं ते कळंना, म्हनून काय मानायचं न्हाईत?"

त्या संध्याकाळी उजेड असतानाच सगळी वसाहत खड्ड्याच्या काठाशी गेली. मनुबाई आणि नाथाजीही आले होते. नाथाजींनी नारळ फोडला, पाणी मातीवर ओतलं. स्वप्नालीने बाळाचं डोकं त्या मोकळ्या जागेपुढे टेकवलं. मी हात जोडून उभी होते. शिकलेली बाई मी. कुणापुढे हात जोडले आहेत, हे मला माहीत नव्हतं. पण आयुष्यात इतक्या मनापासून कधी जोडले नव्हते.

क ची उरलेली बाजूही पाडावी लागली. दोन्हींच्या जागेवर मिळून नवी इमारत दोन वर्षांत उभी राहिली. खोल पाया, रुंद जिने, दोन लिफ्ट. चाव्या वाटल्या त्या दिवशी रंगूबाई लिफ्टने तीनदा वर-खाली गेल्या आणि चौथ्यांदा मनुबाईंना घेऊन. दोघींची घरं आता समोरासमोर आहेत. भिंती गार आहेत. मी प्रत्येक घरात बघून घेतलं.

९

सध्या मी खंडाळ्याला आहे. इथेही एक जुनी चाळ पाडून नवी घरं बांधायची आहेत. चाळ रिकामी झाली, वीज-पाणी तोडलं, यंत्र येऊन उभं राहिलं. चालक तानाजी घाईचा माणूस आहे, पण त्याला मी अर्धा तास थांबवलं.

मी एकटी आत गेले. बावीस खोल्या. भिंतीवर कॅलेंडरचे चौकोनी डाग, खिळे, कुणाच्यातरी उंचीच्या पेन्सिलच्या रेघा. प्रत्येक खोलीच्या मधोमध उभं राहून मी मोठ्याने सांगितलं की माणसं सुखरूप आहेत, कुठे गेली आहेत, आणि परत कधी येणार आहेत. कुणी कुणाच्या घरातून असंच उठून जात नाही, निरोप घ्यायचा असतो. आमच्याकडे निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत.

"येतो आम्ही," मी म्हटलं. बावीस वेळा.

आणि दरवेळी पटकन बाहेर पडले. उत्तर ऐकायला मी थांबले नाही.